चूक जपली, मैदान पाडलं

गेल्या रविवारी एका जुन्या मित्राशी फोनवर चांगलंच वाजलं. विषय काय, तर बेसबॉलमधला कॉम्प्युटर-पंच. हा मित्र (नाव देत नाही, तो हे वाचतो) पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे, माझ्यासारखाच दिवसभर कोड लिहितो, घरातला दिवासुद्धा फोनवरून लावतो, आणि मला सांगतो, "मशीन आलं की खेळातला माणूस गेला. चुका हा बेसबॉलचा आत्मा आहे रे!" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. मी भडकलो की माझी वाक्यं पूर्ण होत नाहीत. म्हणून हे सविस्तर.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर चेंडू टाकतो, बॅटरने तो सोडला तर पंचाने ठरवायचं की चेंडू मारण्याजोगा होता (स्ट्राइक) की नव्हता (बॉल). तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. म्हणजे हवेत एक अदृश्य खिडकी आहे, १७ इंच रुंद, आणि चेंडू तिच्यातून गेला का एवढाच प्रश्न. हा प्रश्न एका सामन्यात शंभराहून जास्त वेळा विचारला जातो. उत्तर द्यायला एक माणूस कॅचरच्या मागे वाकून उभा असतो, आणि त्याच्याकडे ताशी ९५ मैल वेगाचे चेंडू येत असतात.

आता डेट्रॉइटला चला. एकाच शहरात हा सगळा वाद सापडतो.

२ जून २०१०. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर अरमांडो गलारागा याने क्लीव्हलँडचे ओळीने २६ बॅटर बाद केले होते. २७ वा बाद झाला की 'परफेक्ट गेम', म्हणजे समोरचा एकही खेळाडू बेसवर पोचला नाही असा सामना. दीड शतकाच्या खेळात तोवर असे फक्त २० सामने झाले होते. २७ वा बॅटर जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू उजवीकडे ढकलला, मिगेल काब्रेराने उचलून फेकला, गलारागाने स्वतः धावत जाऊन पहिल्या बेसवर झेलला. डोनाल्ड अजून पोचायचा होता. घरी बसलेल्या प्रत्येकाला दिसलं. पंच जिम जॉइस म्हणाला, सेफ!

गलारागा चिडला नाही. तो हसला. परत जाऊन पुढच्या बॅटरला बाद केलं आणि सामना संपवला. जॉइसने नंतर आत जाऊन रिप्ले पाहिला आणि तो कोसळला. या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला, असं त्याने स्वतःच पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचाला द्यायला मुद्दाम गलारागाला पाठवलं, आणि मैदानावर जॉइसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हा प्रसंग सांगताना लोक इथे थांबतात. बघा, किती माणुसकी! मशीनने असं काही दिलं असतं का?

अरे, पण मशीन तिथेच होतं! ऑगस्ट २००८ पासून होमरन खरा की खोटा हे बघायला रिप्ले वापरात होता. कॅमेरे होते, पडदा होता, चित्र होतं. फक्त पहिल्या बेसवरच्या निर्णयासाठी ते बघायला नियमाने बंदी. पंच स्वतः कबूल करतोय, फलंदाज बाद होता हे दिसतंय, आणि कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय फिरवला नाही. गलारागाच्या नावावर आजही एक हिट दिलेला सामना आहे. रिप्लेचा नियम वाढवला २०१४ मध्ये. म्हणजे दोन भल्या माणसांनी स्वतःच्या चांगुलपणाने एक वाईट व्यवस्था सावरून धरली, आणि श्रेय कुणाला मिळालं, तर व्यवस्थेला. याचा मला राग आहे.

जॉइस निदान सुटला. डॉन डेंकिंगरचं काय झालं? १९८५ ची वर्ल्ड सिरीज, सहावा सामना, कॅन्सस सिटी. सेंट लुइस १-० ने पुढे, अजून तीन बाद झाले की विजेते. शेवटच्या डावात पहिल्याच बॅटरला, होर्हे ओर्टाला, पहिल्या बेसवर डेंकिंगरने सेफ दिलं. तो स्पष्ट बाद होता. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सातवा ११-० ने. डेंकिंगरला जिवे मारायच्या धमक्या आल्या. पुढे कित्येक वर्षं तो मैदानात उतरत राहिला, पण लोकांना त्याचं नाव एका चुकीसाठी लक्षात राहिलं. 'माणसाचा स्पर्श' जपायची किंमत कोण देतो? ज्याचा स्पर्श असतो तोच ना?

आता स्ट्राइकच्या खिडकीकडे येऊ. इथे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बोलायचा थोडा अधिकार आहे.

२००७-०८ च्या सुमारास बेसबॉलच्या सगळ्या मैदानांवर 'पिच-एफएक्स' नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली. प्रत्येक चेंडू कुठून गेला त्याचे आकडे, आणि गंमत म्हणजे ते आकडे एक्सएमएल फायलींमध्ये वेबसाइटवर चक्क उघडे पडलेले असायचे. माझ्यासारख्या शेकडो रिकामटेकड्यांनी शनिवार-रविवार घालवून ते ओढून घेतले. मी पर्लमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट इतकी घाणेरडी होती की आज मलाच ती वाचता येत नाही, पण चालायची. आणि त्या आकड्यांतून जे दिसलं ते पाहून मी परंपरेच्या नावाने कायमचा हात जोडले.

खिडकी एक नव्हतीच. डावखुऱ्या बॅटरसाठी ती बाहेरच्या बाजूला सरकलेली. त्याहून भारी म्हणजे, तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना ती मोठी व्हायची, शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असताना लहान. म्हणजे पंचाला आपल्या निर्णयाने कुणाला फुकट बेस द्यायला नको आणि कुणाला बाद करायलाही नको. फार मानवी आहे हे, मान्य. पण नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही. जो मागे पडलाय त्याला मदत करायची, असा एक गुपचूप नियम शे-सव्वाशे वर्षं चालू होता आणि कॅमेरे लागेपर्यंत त्याचं मोजमाप कुणी केलं नव्हतं. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. बग पुरेसा जुना झाला की वापरणारे त्याला फीचर म्हणायला लागतात, हेही आमच्याच धंद्यातलं शहाणपण.

(कर्ट शिलिंग नावाच्या नामांकित पिचरने याच्याही आधी, मे २००३ मध्ये, फिनिक्सच्या मैदानावर पंचांना तपासणाऱ्या 'क्वेस्टेक' यंत्रणेचा कॅमेरा फोडला होता. दंडही भरला. आरसा फोडायची ही पद्धत तशी पुरातन आहे.)

मित्राचा पुढचा मुद्दा होता, "मग कॅचरच्या कलेचं काय?" याला 'फ्रेमिंग' म्हणतात. खिडकीच्या किंचित बाहेर पडलेला चेंडू कॅचर असा अलगद आत ओढून पकडतो की पंचाला तो आतलाच वाटतो. खरंच बघण्यासारखी गोष्ट आहे, मनगट किती कमी हलतं बघा. पण ही कला कशाची? न्यायाधीशाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची. आणि या कलेची किंमत सामन्यांमध्ये किती, हे शोधून काढलं कुणी, तर त्याच पिच-एफएक्सच्या आकड्यांवर बसलेल्या पोरांनी. होजे मोलिना बॅटिंगमध्ये यथातथा, धावायला हळू, पण फ्रेमिंगचा बादशहा, हे कॉम्प्युटरने सांगितल्यावर लोकांना कळलं. म्हणजे ज्या परंपरेच्या रक्षणासाठी कॉम्प्युटर नको, तिचं मोल कॉम्प्युटरनेच करून दिलंय. आता बोला.

शेवटी काय झालं? सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगने मशीन मंजूर केलं, २०२६ च्या मोसमापासून. आणि मशीन कुठलं, तर हॉक-आय! आपल्या क्रिकेटचं. २००१ साली लॉर्ड्सवर टीव्हीसाठी पहिल्यांदा वापरलं गेलं तेच. (आपलं बोर्डही डीआरएसला २०१६ पर्यंत 'शंभर टक्के अचूक नाही' म्हणून नाकं मुरडत होतं, तेव्हा अमेरिकनांना हसायचं कारण नाही.) मैदानाभोवती बारा कॅमेरे. खिडकीची उंची बॅटरच्या मोजलेल्या उंचीवरून ठरते: वरची रेष उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी माणसाला खालची रेष जमिनीपासून साडेएकोणीस इंच, वरची साडेअडतीस.

हे आकडे मी मुद्दाम देतोय. जुन्या नियमपुस्तकात काय आहे? वरची हद्द म्हणजे खांदे आणि पॅंटचा वरचा काठ यांच्या मधोमध, खालची म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा. पॅंट कुठे नेसलीय त्यावर नियम! हे स्पेसिफिकेशन घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. आणि तेही कायम नव्हतं. १९६३ मध्ये खिडकी वाढवली, त्यामुळे १९६८ पर्यंत पिचर इतके डोईजड झाले की १९६९ मध्ये ती परत लहान केली, वर पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. पुढे १९८८ आणि १९९६ मध्ये पुन्हा बदल. परंपरा परंपरा म्हणतात ती ही, दर काही वर्षांनी पॅच मारलेली.

पण मंजूर केलंय तेही कसं? 'चॅलेंज' पद्धतीने. निर्णय अजून माणूसच देणार. बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्यावर टपली मारली तरच मशीनला विचारायचं. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. लोकांना हे फार आवडलंय म्हणे, नाट्य असतं, पडद्यावर चित्र येतं, प्रेक्षक ओरडतात. मला हे चमत्कारिक वाटतं. बरोबर उत्तर कॉम्प्युटरमध्ये पडलेलं आहे आणि आपण ते रेशनवर वाटतोय! दोन्ही चॅलेंज फुकट गेले की आठव्या डावातली ढळढळीत चूक पुन्हा खेळाचा आत्मा. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून प्रत्येक चेंडू मशीनकडे सोपवला. तिथलं बेसबॉल मेलं नाही. स्टेडियमं भरतायत.

पंचांना घरी पाठवा असं मी म्हणत नाहीये. बेसवरची धावपळ, अर्धवट फिरवलेली बॅट, भांडणं, पाऊस... त्याला कामं भरपूर आहेत. शंभर वेळा अंदाज करायची शिक्षा तेवढी काढून घ्या.

आता मित्राला (आणि तुम्हालाही) वाटेल, हा सुधारणावाला, जुनं ते सगळं मोडा म्हणणार. इथेच आमचं फोनवर जास्त पेटलं.

डेट्रॉइटला परत जाऊ. गलारागाचा सामना झाला कोमेरिका पार्कमध्ये, ते उघडलं २००० साली. त्याआधी टायगर्स खेळायचे मिशिगन आणि ट्रम्बल रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या टायगर स्टेडियममध्ये. ते सुरू झालं २० एप्रिल १९१२ ला, आणि शेवटचा सामना २७ सप्टेंबर १९९९. दहा वर्षं रिकामं ठेवून २००८-०९ मध्ये पाडलं. जुनं झालं, परवडत नाही, लक्झरी बॉक्स नाहीत. ८८ मोसम तिथे लोक बसले, पण तेव्हा परंपरा शब्द कुणा अधिकाऱ्याच्या तोंडून निघाला नाही. नंतर आसपासचे काही हौशी लोक दर आठवड्याला स्वतःची गवत कापायची यंत्रं घेऊन यायचे आणि त्या मोकळ्या जागेवरचं मैदान राखायचे. पाडकामानंतर एक वर्षाने त्याच शहरात, नव्या स्टेडियममध्ये, पंचाची चूक मात्र परंपरा म्हणून जपली गेली.

एवढंच माझं म्हणणं आहे. यांनी जपायचं काय आणि बदलायचं काय, याची बरोब्बर अदलाबदल केली आहे. चूक जपायला पैसा लागत नाही. मैदान जपायला लागतो, आणि पाडून नवं बांधलं तर तो लोकांच्या करातून मिळतो.

'जुनं' म्हणजे किती जुनं, तेही बघा. अटलांटाचं टर्नर फील्ड १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं, ब्रेव्ह्ज संघ तिथे १९९७ ला आला आणि २०१६ ला निघून गेला. वीस मोसम! शेजारच्या कॉब काउंटीने तिच्या तिजोरीतून सुमारे ३० कोटी डॉलर देऊ केले होते. टेक्सासमध्ये आर्लिंग्टनचं मैदान १९९४ चं, तेही बरंचसं लोकांच्या पैशाने बांधलेलं. २०१९ नंतर टायगर... चुकलो, रेंजर्स संघ तिथून समोरच्या नव्या मैदानात गेला, कारण जुन्याला एसी नव्हता. टेक्सासमध्ये ऊन असतं हे १९९४ साली माहीत नव्हतं काय?

आणि ओकलंड. तिथलं कोलिझियम १९६६ चं, ए'ज संघ १९६८ पासून तिथे. १९७२, ७३, ७४ आणि १९८९ चं अजिंक्यपद. मैदान शेवटी वाईट झालं होतं यात वाद नाही, २०१३ मध्ये गटाराचं पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. पण ते मैदान पहिल्यांदा खराब केलं ते आधुनिकीकरणाने. १९९५ मध्ये फुटबॉलचा रेडर्स संघ परत आला म्हणून मैदानाच्या मागे प्रचंड काँक्रीटची बैठक उभारली. तिला लोक 'माउंट डेव्हिस' म्हणतात. तिच्यामुळे मागच्या टेकड्या दिसायच्या बंद झाल्या, आणि बेसबॉलच्या वेळी वरच्या खुर्च्यांवर ताडपत्री टाकावी लागायची, कारण तिथे बसणार कोण? मग वर्षानुवर्षं संघावर खर्च कमी, दुरुस्ती कमी, आणि प्रेक्षक घटले की म्हणायचं, बघा, या गावाला बेसबॉल नको आहे.

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार घातला. म्हणजे न येण्याऐवजी आले. २७,७५९ लोक, मालक जॉन फिशर यांनी संघ विकावा म्हणून ओरडत होते. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६ हजारांवर माणसं होती. सध्या हा संघ सॅक्रामेंटोतल्या १४ हजार माणसांच्या छोट्या मैदानात खेळतो, आणि नावात कुठलंच गाव लावत नाही.

आम्ही लेगसी कोडवर काम करतो तेव्हा पहिला मोह हाच होतो, फेकून द्या, नव्याने लिहू. नव्याने लिहिणारा दोन वर्षांत नोकरी बदलतो आणि त्याने सोडवलेल्या जुन्या अडचणी नव्या रूपात परत येतात. त्याउलट फेनवे पार्क बघा. बॉस्टनचं. टायगर स्टेडियमच्याच दिवशी उघडलेलं, २० एप्रिल १९१२. १९९९ मध्ये तेव्हाच्या मालकांनी ते सोडून शेजारी नवं बांधायची योजना जाहीर केली होती. लोकांनी विरोध केला, पैसे जमले नाहीत, २००२ मध्ये मालक बदलले, आणि नव्यांनी पाडायच्या ऐवजी दहा वर्षं तुकड्यातुकड्याने दुरुस्ती केली. गळती थांबवली, वाटा रुंद केल्या, आणि २००३ मध्ये डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवर खुर्च्या बसवल्या. ती भिंत तशी का आहे? मागे लॅन्सडाउन रस्ता आहे म्हणून. जागाच नव्हती. अडचणीतून निघालेली गोष्ट. तिच्यामुळे तिथे खेळायची पद्धत वेगळी झाली, आणि हे कुठल्याही नव्या आराखड्यात येत नाही.

मी तिथे एकदाच गेलोय. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून खूश होतो, आत जाऊन बघतो तर समोर खांब! पिचर दिसायचा, बॅटर नाही. निळी लाकडी खुर्ची, गुडघे पुढच्याच्या पाठीत. शेजारी एक आजोबा पेन्सिलने सामना कागदावर उतरवत होते. प्रत्येक चेंडूनंतर मी त्यांच्याकडे बघायचो आणि ते मान न वळवता सांगायचे, बॉल, स्ट्राइक. त्यांनाही खांबच दिसत होता. प्रेक्षकांच्या आवाजावरून लिहीत होते. असो.

खांबाचा मला राग आला नाही. खांबामुळे कुणाचा परफेक्ट गेम जात नाही.

आणि आधुनिक तितकं वाईट असंही नाही, हे घड्याळाने दाखवलंच. २०२३ मध्ये पिचरला वेळेचं बंधन आलं, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. सामन्याची सरासरी एका मोसमात तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. परंपरावाले बोंबलत होते, पण अडीच-पावणेतीन तासांचा सामना हीच तर त्यांच्या लहानपणची परंपरा! रिग्ली फील्डचंही तसंच. १९८८ पर्यंत तिथे दिवे नव्हते, फक्त दिवसाचे सामने, केवढा पवित्र रिवाज. खरं कारण? मालकांनी १९४१ मध्ये दिव्यांचं सामान आणून ठेवलं होतं, पर्ल हार्बर झालं म्हणून ते युद्धासाठी देऊन टाकलं.

मित्राने शेवटी विचारलं होतं, "मग तुझ्या मते ठरवायचं कुणी?" त्याचं उत्तर आत्ता सुचलं. डेंकिंगरची चूक झाली तेच कॅन्सस सिटीचं मैदान बघ. १९७३ चं, २००९ च्या सुमारास पंचवीस कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केलेलं. संघाला ते सोडून नवं हवं होतं, त्यासाठी विक्रीकर पुढे चालू ठेवा म्हणून एप्रिल २०२४ मध्ये जॅक्सन काउंटीत मतदान झालं. साधारण ५८ टक्के लोक नको म्हणाले. तिकिटं काढणारे, कर भरणारे, १९८५ ला तिथे नाचलेले लोक. त्यानंतरही संघाचा नव्या जागेचा शोध चालूच राहिला. या रविवारी फोन कर, मी घरी आहे.